शुक्र अल्लाहचा, आभार माणसांचे

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत सुट्टी असते. तिला थँक्सगिव्हिंग म्हणतात, म्हणजे आभार मानण्याचा दिवस. दूर राहणारी मुले त्या दिवशी घरी येतात, टर्की नावाचा मोठा पक्षी अख्खा भाजतात, आणि जेवायला बसण्याआधी घरातला प्रत्येक जण यंदा कशाबद्दल आभार मानायचे ते सांगतो. आम्ही शिकागोला राहायला आल्यापासून दापोलीकडचे नातेवाईक दर वर्षी फोनवर विचारतात, "तुम्ही तो सण करता काय?" आमचे उत्तर ठरलेले आहे. आमचे सण दोनच, दोन्ही ईद. मोमिनाचा शुक्र दिवसातून पाच वेळा असतो, त्याला नोव्हेंबरची वाट पाहावी लागत नाही.

पण त्या आठवड्यात मुले शाळेतून एक कागद आणतात. त्यावर प्रश्न असतो, ‘मी कुणाचा आभारी आहे?’ हा प्रश्न मला आवडतो. कशाबद्दल, ते सांगणे सोपे असते. आरोग्य, घर, रोजी असे म्हटले की झाले. ‘कुणाचा’ म्हटले की माणसाचे तोंड आठवावे लागते. जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. अल्हम्दुलिल्लाह आपल्या ओठांवर असतेच. मात्र ती नेमत कुणाच्या हातून आपल्या घरात आली, हे पाहायचे पुष्कळदा राहून जाते.

या दिवसाचा इतिहास सरळ नाही, हेही मुलांना सांगावे लागते. 1621 मध्ये प्लिमथ येथे इंग्लंडहून आलेल्या लोकांनी पीक हाती आल्यावर मेजवानी केली, तिला तिथले मूळचे वाम्पानोआग लोक हजर होते. पुढे यादवी युद्ध चालू असताना 1863 मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी देशभर आभाराचा दिवस पाळण्याची घोषणा केली, आणि चौथा गुरुवार 1941 च्या कायद्याने पक्का झाला. ज्यांची जमीन गेली त्यांच्या वंशजांपैकी कित्येक जण 1970 पासून याच दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात. ही गोष्ट आमच्यापासून लांबची नाही. आमची मुले ज्या बागेत खेळतात तिचे नाव इंडियन बाउंड्री पार्क. 1816 च्या तहात मूळ रहिवाशांची आणि सरकारची हद्द ठरवणारी जी रेषा आखली, तिच्यावरून हे नाव पडले. 1833 च्या तहानंतर पोटावाटोमी लोकांना हा मुलूखच सोडावा लागला. म्हणून आमच्या घरी आभाराच्या यादीत पहिले नाव त्यांचे घेतो. ज्यांच्या जमिनीवर आपण राहतो त्यांची आठवण ठेवणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आमची वस्ती शहराच्या उत्तरेला, डिव्हॉन ॲव्हेन्यूच्या आसपास. या रस्त्याच्या निरनिराळ्या तुकड्यांना गांधी, जिना, शेख मुजीब आणि इस्राएलच्या गोल्डा मेयर यांची मानाची नावे दिलेली आहेत. हलाल मटणाची दुकाने, साड्यांची दुकाने, हैदराबादी खानावळी, थोडे पुढे गेले की ज्यू लोकांची बेकरी. म्यानमारमधून जीव वाचवून आलेल्या रोहिंग्या कुटुंबांसाठी 2016 पासून याच रस्त्यावर एक केंद्र चालते. तिथे मोठी माणसे इंग्रजी शिकतात आणि मुलांना अभ्यासाला मदत मिळते.

आमच्या शेजारच्या आजीबाई ज्यू आहेत. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मला बर्फाची सवय नव्हती, धाकटा तान्हा होता आणि आमचे हे रात्रपाळीला असायचे. सकाळी दार उघडावे तर पायऱ्यांवरचा बर्फ कुणीतरी आधीच काढलेला. चार-पाच वेळा असे झाल्यावर कळले, आजीबाई आपल्या नातवाला स्वतःच्या दारानंतर आमच्या दाराशी पाठवत होत्या.

शेजाऱ्याला वाटा द्यायचा म्हणून कालवणात पाणी थोडे वाढवावे, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी ह. अबू जर (रजि.) यांना सांगितले होते. मी तसेच केले, कोंबडीच्या रश्शाचे भांडे घेऊन गेले. आजीबाईंनी ते प्रेमाने परत केले. त्यांचे खाण्यापिण्याचे नियम फार कडक, दुसऱ्यांच्या भांड्यातले शिजवलेले त्यांना चालत नाही. मग त्यांनीच वाट सांगितली, न कापलेले फळ चालते. तेव्हापासून रस्सा वरच्या मजल्यावरच्या मेक्सिकन कुटुंबाकडे जातो आणि आजीबाईंकडे संत्री जातात. शेजाऱ्याला काय चालते ते विचारून देणे हाही शेजारधर्माचा भाग आहे, हे मी त्यांच्याकडून शिकले.

दुसरे आभार ग्रंथालयाचे. आमच्या भागातल्या ग्रंथालयाची नवी इमारत 2019 मध्ये झाली, खाली पुस्तके आणि वर म्हाताऱ्या माणसांसाठी घरे. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी उशिराचा दंड बंद केला. ज्या घरात महिनाअखेरीस एक-एक डॉलर मोजला जातो, तिथल्या आईला पुस्तके आणताना आता भीती वाटत नाही.

पण ज्यांचे आभार मला अजून पुरेसे मानता आलेले नाहीत, त्या तीन बायका आहेत.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मी म्हणायचो, शेवटची सहा वर्षे आमच्याकडे होत्या. शिकागोची थंडी त्यांनी सोसली, दात नसताना इथला कडक पाव चहात बुडवून खाल्ला. एकच गोष्ट त्यांना झोपू देत नसे. त्या म्हणायच्या, "इथे मी गेले तर मला गुस्ल कोण देणार गं? गावात जमात आहे. इथे आपले कोण आहे?" मी काहीतरी बोलून विषय बदलायचे, कारण माझ्याकडे उत्तर नव्हते.

जानेवारीत, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, अम्मी गेल्या. मशिदीत निरोप गेला आणि दोन तासांत तीन बायका आल्या. एक हैदराबादची, एक बोस्नियाची, एक इथलीच काळी अमेरिकन, जिच्या घराण्यात तिची आई पहिली मुसलमान. तिघींपैकी कुणी अम्मींना पाहिले नव्हते, आणि तिघींची भाषा वेगळी. पण हात एकाच रीतीने चालत होते. पाणी हाताला लावून पाहिले, अंगावर पडदा धरला, उजवी बाजू आधी घेतली, शेवटच्या पाण्यात कापूर घातला, केसांच्या तीन वेण्या घातल्या, पाच कपड्यांचे कफन नीट बांधले. बोस्नियाची बाई अम्मींच्या केसांवरून हात फिरवताना हळू बोलत होती, जशी आपण झोपलेल्या मुलाशी बोलतो. मला पाणी ओतायला दिले. माझे हात कापत होते, तर हैदराबादच्या आपांनी माझ्या हाताखाली आपला हात धरला.

बाहेर पुरुषांनी मृत्यूचा दाखला, दफनाचा परवाना, गाडी, सगळे पाहिले. जमीन दगडासारखी झालेली, कबर यंत्राने खणली. जनाजाला जी माणसे उभी होती, त्यांतल्या निम्म्यांना मी ओळखत नव्हते. संध्याकाळी मी त्या बायकांना पाकीट द्यायला गेले. त्यांनी घेतले नाही. काळ्या अमेरिकन भगिनी एवढेच म्हणाल्या, "पुढच्या वेळी कुणी गेले तर तुम्ही या."

मय्यतीला गुस्ल देणे, कफन घालणे, नमाज पढणे आणि दफन करणे ही फर्जे किफाया आहेत. काही जणांनी केले तर सगळ्या वस्तीवरून जबाबदारी उतरते, कुणीच केले नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. मदरशात हे पाठ केले होते, अर्थ त्या दिवशी कळला. त्या तिघींनी अम्मींचे काम केलेच, पण थंडीत घरी बसलेल्या हजारो मुसलमानांच्या मानेवरचे ओझेही उतरवले. ज्यांना हे ठाऊकच नाही, तेही त्यांचे देणेकरी आहेत.

आता मी त्यांच्यात आहे. मशिदीत दिलेले प्रशिक्षण घेतले, चार मय्यतींना गेले. माझ्या हातांना अजून पहिल्यासारखेच वाटते, पण ते कापत नाहीत. अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता आले असते. इथे आपले कोण, तर जे येतात ते आपले.

हे लिहिताना माझ्या मनात आपल्या गावांची जमात येते. कोकणात असो, मराठवाड्यात असो, मोहल्ल्यात मय्यत झाली की सगळे आपोआप होते असे आपल्याला वाटते. आपोआप काहीच होत नाही. भर पावसात कबर खणणारा कुणी असतो. मध्यरात्री दार वाजले तरी उठून गुस्लला जाणारी एखादी म्हातारी खाला असते. फजरच्या आधी मशिदीचे दार उघडून पाणी भरणारा बांगी असतो. यांतल्या किती जणांना आपण कधी बसवून चहा पाजला? त्यांच्या आजारपणात कोण गेले? आणि त्या खालांच्या नंतर हे काम कोण करणार, हे कुणी त्यांच्याकडून शिकून घेतले आहे काय?

शुक्र केलात तर मी अधिक देईन, असे वचन सूरह इब्राहीममध्ये अल्लाहने दिले आहे. मला वाटते, वस्तीचा शुक्र असाच वाढतो. एकीने दुसरीचे ओझे घ्यावे, आणि दुसरीने ते तिसरीसाठी उचलावे. भगिनींनो, त्यासाठी नोव्हेंबर लागत नाही. या जुम्याला नमाजनंतर आपल्या मोहल्ल्यातल्या त्या खालांच्या घरी जा, त्यांची विचारपूस करा. आणि येताना एवढे सांगून या, "पुढच्या वेळी मलाही बोलवा."