डोळ्यांपुढची माशी

स्मरणिकेसाठी लेख लिहावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही प्रथम शाळेच्या वाटचालीची टाचणे काढून बसलो. इतिहासाच्या मास्तराकडून लोकांची तीच अपेक्षा असते. पण कोरा कागद पुढे ओढला आणि नेहमीप्रमाणे त्यावरून एक करडी माशी तिरकी सरकत गेली. ही माशी गेली 27 वर्षे आमच्या सोबतीला आहे. तिच्यापायी एका विद्यार्थ्याच्या बाबतीत आमच्या हातून जी चूक घडली, ती शाळेच्या कोणत्याही अहवालात नोंदलेली नाही. म्हणून या वेळी तीच नोंद करावयाचे ठरविले.

1998 चा हिवाळा होता. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला पुढल्या वर्षी. आम्ही 28 वर्षांचे होतो आणि नोकरीला तिसरे वर्ष लागले होते. शहापूरची ती सकाळ आजही आठवते. महामार्गावरून नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर, कापणी होऊन मोकळ्या झालेल्या धानाच्या बांध्या आणि मैदानावर रांगेने उभी असलेली वसतिगृहातील मुले. त्रिशरण-पंचशील झाले. पंचशील ध्वजाकडे आम्ही मान वर करून पाहिले आणि निळ्या आभाळात ध्वजाच्या शेजारी एक बारीक काळा ठिपका तरंगताना दिसला. त्याला केसासारखी एक शेपटी होती. आम्ही हाताने वारले. माशी हलली नाही. डोळा डावीकडे नेला, तीही डावीकडे गेली. डोळा थांबला, पण ती क्षणभर पुढे वाहत जाऊन मग सावकाश खाली उतरली. त्याच क्षणी पोटात भीतीचा गोळा आला.

ती भीती केवळ दुखण्याची नव्हती. आमचा आजा अंगठेबहाद्दर होता. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून उभे राहिले, तेव्हा आज्याने त्यांचे भाषण गर्दीत मागे उभे राहून ऐकले होते. बाबासाहेब ती निवडणूक हरले; पण आज्याने त्या दिवसापासून मुलाला शाळेत घालण्याचा ध्यास घेतला. वडील सातवीपर्यंत शिकले आणि आम्ही एम. ए. झालो. तीन पिढ्यांनी मिळून कमावलेली वस्तू कोणती, असे कोणी विचारले असते, तर आम्ही शेत किंवा घर सांगितले नसते. वाचणारे डोळे सांगितले असते. तेच डोळे जाणार, असे मनाने घेतले. दीड महिना आम्ही कोणाला काही सांगितले नाही. थंड पाण्याचे हबके मारले. कोणी मध घाला म्हणाले, कोणी गुलाबपाणी. तेही करून पाहिले. माशी होती तेथेच राहिली.

अखेर पत्नीने हट्ट धरला आणि आम्ही नागपूरला नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. बाहुली मोठी करणारे थेंब घालून त्यांनी डोळा आतून तपासला. मग एक चित्र काढून समजावून सांगितले. डोळ्याच्या गोलकाचा सुमारे चार-पंचमांश भाग एका पारदर्शक लगद्याने भरलेला असतो. हा लगदा बहुतांशी पाणीच असतो. त्यात प्रथिनांच्या अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे असते. वयपरत्वे तो पातळ होऊ लागतो, तंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्यांची सावली मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, पडते. आपल्याला दिसते ती ही सावली. म्हणूनच ती स्वच्छ आभाळात, पांढऱ्या भिंतीवर आणि कोऱ्या कागदावर ठळक दिसते, अंधारात दिसत नाही. बहुतेकांना हे पन्नाशी-साठीत जाणवते. परंतु ज्यांचा चष्म्याचा उणे नंबर मोठा असतो, त्यांचा गोलक लांबट असतो आणि हा बदल त्यांच्यात लवकर घडतो. आमचा नंबर उणे सहा होता. वैद्यकात या ठिपक्यांचे जुने लॅटिन नावच ‘उडत्या माश्या’ असे आहे, हे ऐकून आम्ही कितीतरी दिवसांनी हसलो.

त्या दिवशी डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, तुमचा पडदा शाबूत आहे. ही माशी त्रास देईल पण दृष्टी नेणार नाही. मेंदूला तिची सवय होईल. दुसरी अशी की, एकाएकी पुष्कळ नवे ठिपके दिसू लागले, डोळ्यात विजेसारखे लखलखले किंवा नजरेच्या एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखे वाटले, तर घटकाभरही थांबू नका. लगदा पडद्यापासून सुटताना कधी कधी पडद्याला ओढ बसून तो फाटतो. फाट वेळीच सापडली तर लेसरने तिच्या कडा सांधता येतात. उशीर झाला तर पडदाच निसटतो. आम्ही दोन्ही गोष्टी ऐकल्या. पण परतीच्या एस. टी. त, थेंबांमुळे चुरचुरणाऱ्या डोळ्यांवर रुमाल धरून बसलो असता, मनात घोळली ती पहिलीच.

सवय खरोखरच झाली, पण वर्ष गेले. उत्तरपत्रिका तपासणे सर्वांत जड जाई. पांढऱ्या कागदावर माशी ओळीवरून फिरे आणि मुलाने दिलेला अनुस्वार कोणता व आमचा कोणता, असा संभ्रम पडे. तेव्हा नजर झटकन वर-खाली नेऊन तिला बाजूला सारण्याची युक्ती आम्ही शिकलो. काळा फळा मात्र आमचा मित्र झाला. त्याच्यावर ती दिसत नसे. वर्गात शिरून फळ्याकडे वळलो की डोळ्यांना सावलीत आल्यासारखे वाटे. संयुक्त निकायातील सल्लसुत्त याच काळात आम्हाला नव्याने उमगले. अडाणी माणसाला एकाच वेळी दोन बाण लागतात, एक शरीराचा आणि दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या आक्रोशाचा, असा त्याचा आशय आहे. माशी हा पहिला बाण होता. दिवसातून पन्नास वेळा एक डोळा झाकून ती वाढली की काय हे पाहणे, हा दुसरा. दुसरा बाण आमचा आम्हीच मारीत होतो. तो थांबविला आणि पहिला बोथट झाला.

पुढे आचार्य वसुबंधूंच्या ‘विंशतिका’ या ग्रंथाशी परिचय झाला. त्याच्या आरंभीच दृष्टांत आहे तो तिमिर नावाचा नेत्ररोग जडलेल्या माणसाचा. त्याला नसलेले केस दिसतात, आणि बाहेरचे जग म्हणून आपल्याला जे भासते तेही तसेच आहे, असे आचार्य सुचवितात. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध पंडिताने तत्त्वचर्चेसाठी डोळ्यांपुढचे केस निवडावेत, याचा आम्हाला फार आनंद झाला. तरी एक फरक आमच्या ध्यानी आला. आमची माशी मुळीच नाही, असे नव्हे. ती आहे, पण दिसते तेथे नाही. आभाळात दिसते आणि असते डोळ्यात. हा फरक आम्ही वर्गात मोठ्या हौसेने सांगत असू आणि माणसाच्या पूर्वग्रहांचे उदाहरण म्हणून मुलांपुढे ठेवीत असू. आपल्याला सर्व समजले आहे, असे आम्हाला वाटू लागले होते. येथेच घात झाला.

2009 चा पावसाळा. रोवणीचे दिवस होते. दहावीतील एक मुलगा सायंकाळी वसतिगृहाच्या ओसरीवर आमच्यापाशी आला. जाड भिंगांचा चष्मा, अबोल स्वभाव. आधीच्या आठवड्यात खेळताना त्याच्या उजव्या डोळ्याजवळ चेंडू लागला होता. तो म्हणाला, “सर, काल रातपासून माह्या या डोळ्यापुढं माश्याच माश्या उडून रायल्या. अन् अंधारात डोळा फिरवला का वीज चमकल्यावानी होते.”

आम्ही हसून त्याच्या पाठीवर हात ठेवला. “अरे बाबू, अशी एक माशी अकरा वर्षांपासून माझ्यासोबत आहे. काही होत नाही. लक्ष देऊ नकोस, सवय होते. जा, अभ्यासाला लाग.”

तो “हो सर” म्हणाला आणि गेला.

आज हे वाक्य लिहिताना लेखणी थांबते. नागपूरच्या डॉक्टरांची दुसरी गोष्ट त्या मुलाने आम्हाला जशीच्या तशी ऐकविली होती: पुष्कळ नवे ठिपके, वीज आणि वर डोळ्याला लागलेला मार. आम्हाला मात्र त्याच्यात आमची जुनी, निरुपद्रवी माशीच दिसली. आमच्या डोळ्यात असलेली वस्तू आम्ही त्याच्या डोळ्यात पाहिली. वसुबंधूंचा दृष्टांत वर्गात शिकविणाऱ्याने तो ओसरीवर खरा करून दाखविला.

चौथ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला. नाकाच्या बाजूने काळा पडदा आल्यासारखे दिसते, असे म्हणाला. तेव्हा मात्र आमचे हातपाय गार पडले. त्याला घेऊन तासाभरात नागपूरची वाट धरली. दृष्टिपटल कडेने फाटून सुटू लागले होते. शस्त्रक्रिया झाली. डोळा वाचला, पण त्या डोळ्याच्या नजरेचा एक कोपरा पूर्वीसारखा झाला नाही.

मुलाचे वडील दुसऱ्याच्या बांधीतील रोवणी अर्धी टाकून आले होते. पायांवरचा चिखल वाळलेला होता. ते आमच्यापुढे हात जोडून म्हणाले, “गुरुजी, तुम्ही होते म्हणून पोराचा डोळा वाचला.” आम्ही काही बोललो नाही. वाया गेलेले चार दिवस त्यांना माहीत नव्हते आणि आम्ही ते सांगितले नाहीत. ते मौन ही आमची दुसरी चूक होय.

काही वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास तो आला होता. नोकरीला लागला होता. त्याला बाजूला घेऊन आम्ही सर्व कबूल केले. तो जमिनीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मले मालूम होतं सर. बाबाले मीच सांगतलं नाही.” पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने आपल्या मास्तराची लाज राखली होती. तो डोळ्यांच्या दुखण्यापेक्षा मोठा भार आहे आणि त्याची सवय होत नाही. व्हावी अशी इच्छाही नाही. हा लेख त्याने आधी वाचला आहे, आणि नाव न घालता छापण्यास संमती दिली आहे.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. चूक केवळ विसराळूपणाची नव्हती. सोसणे हा आपल्या माणसांचा गुण आहे, असे शतकानुशतके आपल्याला सांगण्यात आले. उपाशी राहिला, सोस. पाठीवर मार बसला, सोस. दुखते, तर तेही सोस. धम्माच्या वाटेवर आलो तरी ही जुनी सवय सहनशीलतेचे नवे वस्त्र पांघरून आमच्यात राहिली होती, आणि तीच आम्ही त्या मुलाला उपदेश म्हणून दिली. बाबासाहेबांचे उदाहरणही आपण पुष्कळदा असेच वापरतो. त्यांना मधुमेह होता. भंडाऱ्याच्या त्या निवडणुकीनंतर, 1954 च्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते अंथरुणाला खिळले होते आणि दृष्टीही क्षीण होत चालली होती. तरी त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. यातून त्यांची निष्ठा घ्यावी. दुखणे अंगावर काढण्याचा धडा घेऊ नये. त्यांनी दुखण्यावर उपचार घेतले होते, आणि सोसण्याचे तत्त्वज्ञान तर त्यांनी आयुष्यभर नाकारले.

कालामसुत्तात भगवंतांनी अनेक प्रमाणे नाकारली आहेत. त्या यादीच्या शेवटी, हा श्रमण आपला गुरू आहे, एवढ्यावरूनही काही मानू नका, असे सांगितले आहे. हे सुत्त आम्ही मुलांना कितीदा शिकविले. त्यातील गुरू आपणही असू शकतो, हे आमच्या मनात आले नव्हते. सल्लसुत्ताने सोबत जगावयास शिकविले. पण आधी तपासून पाहा, असे सांगणारे कालामसुत्त त्याच्या अगोदर यावयास हवे होते. जे तपासले आहे, त्याच्यासोबतच शांतपणे जगता येते. न तपासता बाळगलेली शांती ही नुसती हयगय होय.

त्या वर्षापासून वसतिगृहात आम्ही दोन प्रथा पाडल्या. दर वर्षी शाळा उघडली की प्रत्येक मुलाला भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापुढे उभे करून एकेक डोळा झाकून वाचावयास लावतो आणि अडखळणाऱ्याला तज्ज्ञांकडे पाठवितो. आणि मुलाने डोळ्याची कोणतीही तक्रार केली, तर ती त्याच दिवशी वहीत लिहिली जाते व त्याच दिवशी पालकांना कळविली जाते. ती किरकोळ आहे की नाही, हे मास्तराने ठरवावयाचे नाही.

पालकांना एवढीच विनंती आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी डोळ्यांपुढे माश्या दिसतात असे म्हणाली, तर घाबरू नका आणि हसूही नका. बहुधा ती साधी सावलीच निघेल. पण ते डॉक्टरांनी डोळ्यात पाहून सांगू द्या. ठिपके एकाएकी वाढले, वीज चमकली किंवा पडदा आला, तर रोवणी असो, परीक्षा असो, त्याच दिवशी निघा. साध्या ठिपक्यांसाठी लेसर आणि शस्त्रक्रिया आहेत. पण त्यांत धोकाही असतो. म्हणून पडदा शाबूत असेल तर डॉक्टर बहुधा तसेच राहू द्या म्हणतात. तेव्हा मात्र मुलाला धीर द्या. वय लहान असले म्हणजे या माशीची भीती फार मोठी वाटते. ती आम्ही पाहिली आहे.

आमच्या पन्नाशीत आता माशीला आणखी दोन सोबतिणी मिळाल्या आहेत. त्या दिसू लागल्या त्याच दिवशी आम्ही नागपूरला जाऊन तपासून आलो. पडदा शाबूत आहे. सकाळच्या वंदनेनंतर ध्वजाकडे पाहिले की तिघी आभाळात सावकाश उतरताना दिसतात. आम्ही त्यांना उतरू देतो, आणि मग समोर उभ्या असलेल्या मुलांच्या डोळ्यांकडे पाहतो.

जय भीम. नमो बुद्धाय.