फक्त एक लिहून आलो

मी मंगरूळपीरला एका आडत दुकानात हिशेब लिहितो. शिक्षण बी.कॉम. आकड्यांशी रोजचाच संबंध, तरी अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत माझं गणित दोनदा चुकलं.

पहिली चूक ३ फेब्रुवारी २०१७ ची. मतदान ओळखपत्र खिशात घालून ऐटीत केंद्रावर गेलो, तर यादीत नावच नाही. विधानसभेला असतं, लोकसभेला असतं, मग आजच कसं गायब झालं, म्हणून मी तिथल्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घातली. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "नमुना अठरा भरला होता का?" मी तो कधी पाहिलाही नव्हता. ही यादी वेगळी असते आणि दर निवडणुकीला नव्याने तयार होते. १ नोव्हेंबर या तारखेच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी, आणि अर्ज आपणच करायचा असतो. चूक माझी होती आणि आवाजही मीच चढवला होता.

पुढच्या वेळी अर्ज वेळेत भरला. ३० जानेवारी २०२३ ला मतपत्रिका हातात आली. यंत्र नाही, बटण नाही; उमेदवारांची लांबलचक यादी, पक्षाचं चिन्ह कुठेच नाही आणि प्रत्येक नावापुढे पसंतीचा आकडा लिहायला रिकामा चौकोन. सवयीने हात शर्टाच्या खिशातल्या पेनाकडे गेला, पण लिहायचं ते केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेनानेच, हे ऐनवेळी आठवलं. एका अपक्षापुढे ठळक १ काढला आणि घडी घालून मोकळा झालो. बाकीचे चौकोन कोरेच.

हा शहाणपणा मला बाहेर मिळाला होता. एक कार्यकर्ता कानाशी लागून म्हणाला होता, "भाऊ, फक्त एक लिवा. दोन लिवलं का आपलाच मानूस पडते." मला ते पटलंही. दुसरी पसंती देणं म्हणजे आपल्या माणसाशी बेइमानी, असं काहीतरी डोक्यात बसलं.

अमरावतीला मोजणी रात्रभर चालली. या पद्धतीत थेट जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतांचा कोटा लागतो. पहिल्या पसंतीत तो कोणीच गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. माझा अपक्ष असाच बाद झाला. माझ्या मतपत्रिकेवर पुढचा आकडाच नव्हता, त्यामुळे तिचा प्रवास तिथेच संपला. खरी लढत उरली ती काँग्रेसचे धीरज लिंगाडे आणि भाजपचे डॉ. रणजित पाटील यांच्यात, आणि लिंगाडे निवडून आले. या दोघांपैकी कोण हवा, हे मी दुकानात महिनाभर तावातावाने सांगत होतो. कागदावर तेवढं लिहिलं नाही.

आपला पहिला उमेदवार शर्यतीत असेपर्यंत दुसऱ्या पसंतीकडे कोणी बघतही नाही. तिने त्याचं एकही मत कमी होत नाही. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात आणि मग मुख्य सामना होतो. आपल्याकडे तिकीट वरून येतं. पण या मतपत्रिकेवर दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात: १ मनातल्या माणसाला, पुढचे आकडे शेवटच्या सामन्यासाठी. मी अर्धंच काम करून आलो. २०२० मध्ये आपल्या वाशिमचे किरण सरनाईक शिक्षक मतदारसंघातून अपक्ष निवडून आले, तेही पुढच्या पसंतीची मतं जुळत गेल्यावर. तेव्हा गप्पा मीही मारल्या, हिशेब मात्र समजून घेतला नाही.

त्या शिक्षक मतदारसंघाची मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. शिक्षकांसाठी नमुना एकोणीस असतो. तो वेळेत भरा. पदवीधरांची पाळी २०२९ ला येईल. पहिला आकडा मनापासून लिहा, पण तिथे थांबू नका. आणि फक्त एक लिहा म्हणून कोणी कानाशी लागलं, तर त्याचा उमेदवार कोण, हे आधी विचारा.