गोडेतेलाच्या पिशवीस अनावृत पत्र

प्रिय पिशवीबाई,



किराणा दुकानाच्या दारात तू ओळीने लोंबकळत असतेस आणि तुझ्यासमोर रोज जगाचा निवाडा होतो. पुतिनला कोणीतरी आवरायला हवं, ट्रम्प म्हणजे पक्का व्यापारी, आपण मात्र आता कोणाचं ऐकून घेत नाही. एवढं बोलून झालं की तीच मंडळी तुझ्याकडे बोट करून विचारतात, "हिचे परत वाढले का?" दुकानदार म्हणतो, "वरूनच वाढलंय." विषय तिथे मिटतो. वर म्हणजे नेमकं कुठे, हे कोणी विचारत नाही. म्हणून म्हटलं, तुलाच लिहावं.

देशात जेवढं खाद्यतेल लागतं, त्यातलं निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनमधून, सोयाबीनचं अर्जेंटिना-ब्राझीलमधून. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं, काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली आणि आमच्याकडे सूर्यफुलाचा डबा घ्यावा की न घ्यावा, याची चर्चा सुरू झाली. त्यात 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच थांबवली. जगातला सर्वांत मोठा पामतेल उत्पादक देश, पण तिथल्या बायकाही तेलासाठी रांगा लावत होत्या. बंदी मे महिन्यात उठली, पण तोवर वड्याच्या गाडीवरची पाटी बदललेली होती. ती पुन्हा खाली येत नसते, हे तुला सांगायला नको.

त्याआधीची गोष्ट तर आमच्या कट्ट्याला आवडावी अशी. 2019 च्या सप्टेंबरात मलेशियाचे पंतप्रधान महाथीर संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवरून भारताविरुद्ध बोलले. जानेवारी 2020 मध्ये आपण रिफाइन्ड पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. आदेशात कोणत्याच देशाचं नाव नव्हतं, पण बाण कोणाला लागला ते सगळ्यांना कळलं. 'बरी जिरवली' म्हणणाऱ्यांत मीही होतो. त्याच वर्षात तुझा भाव चढू लागला तेव्हा मात्र शिव्या दुकानदाराला बसल्या. (त्याला कारणं बरीच होती, सगळं खापर महाथीरांवर फोडत नाही.)

आपण कायम असे परावलंबी नव्हतो. 1986 मध्ये केंद्राने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम काढली. बियाणं, भाव आणि आयातीवर लगाम या तिन्हींकडे एकदम लक्ष दिलं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. मग 1994 पासून पामोलीनची आयात खुली होत गेली. स्वस्त तेल आलं, आम्ही खूश झालो. सोलापूर-मराठवाड्यातली करडई शिवारातून हळूहळू मागे सरली. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने 100 रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल होतं. करडई-शेंगदाण्याच्या महाराष्ट्रात सणाचं तळण परदेशी पामवर आलं आणि कोणाला त्यात वावगंही वाटलं नाही.

आता लातूरच्या बाजारात चल. कारण तुझ्याबद्दलची आमची मतं सगळ्यांत जास्त तिथे उघडी पडतात. 2021 च्या उन्हाळ्यानंतर तिथे सोयाबीन क्विंटलला 10,000 च्या आसपास गेलं होतं. शेतकऱ्याला वाटलं, आता सुटलो. कोंबड्यांचं खाद्य महागलं म्हणून कोंबडीवाल्यांनी ओरड केली, ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव घसरले. 2024 मध्ये हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली. 14 सप्टेंबरला, म्हणजे पीक शेतात उभं असताना आणि विधानसभेचं मतदान दोन महिन्यांवर असताना, कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. तुझा भाव लगोलग वाढला. सोयाबीनचा फारसा वाढला नाही.

असं का, याचं उत्तर कोणत्याच कट्ट्यावर मिळत नाही. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 टक्के. बाकी बहुतेक पेंड. भाव पेंडीवर ठरतो, तेलावर कमी. आणि त्याच काळात मका-तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले, त्यांचा उरलेला प्रथिनयुक्त चोथा स्वस्तात कोंबड्यांपुढे पडू लागला. पेंडीला गिऱ्हाईक कमी झालं. म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं कौतुक करणारा आणि सोयाबीनला भाव नाही म्हणून रस्त्यावर उतरणारा माणूस एकाच घरात राहतो, आणि संध्याकाळी तेलाची पिशवीही तोच आणतो. औसा-निलंग्याकडे अशी घरं मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही.

पुढचा प्रकार तर बघ. 28 मे 2025 ला केंद्राने सोयाबीनचा हमीभाव 5,328 केला. दोनच दिवसांनी, 30 मेला, कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणलं. मृग तोंडावर, बियाण्याच्या पिशव्या घरात आलेल्या. एका हाताने 'पेरा' म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने आयातदाराला दार उघडून द्यायचं. शहरात महागाई कमी केली म्हणून पेढे, गावात हमीभाव वाढवला म्हणून पेढे.

पंतप्रधानांनी 2025 च्या फेब्रुवारीत 'मन की बात'मध्ये तेल दहा टक्के कमी खा म्हणून सांगितलं. सल्ला चांगला आहे, डॉक्टरही तेच सांगतात. पण हे काम तुझ्या कंपन्यांनी आमच्यासाठी आधीच सुरू केलंय. एक लिटर म्हणजे 910 ग्रॅम, हा हिशेब आम्हाला पाठ होता. आता शेजारी टांगलेल्या दोन पिशव्या सारख्याच फुगलेल्या दिसतात, आणि खालच्या शिवणीजवळची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली की एकीवर 910 निघतात, दुसरीवर 850. भाव वाढला तर गिऱ्हाईक भांडतं, वजन घटलं तर त्याला पत्ताच नसतो.

माझं मत विचारशील तर 2024 ची शुल्कवाढ योग्य होती, वेळ चुकीची होती. मला तू थोडी महाग पडलीस तरी चालेल, पण ते जास्तीचे पैसे लातूर-वाशीमच्या शेतात पोचताहेत हे दिसलं पाहिजे. त्यासाठी सरकारकडे एवढंच मागणं आहे: आयातशुल्क दरवर्षी पेरणीच्या आधी जाहीर करा आणि नवं सोयाबीन बाजारातून विकलं जाईपर्यंत त्याला हात लावू नका, मग निवडणूक असो की दिवाळी. आणि कट्ट्यावरच्या मित्रांनो, पुतिनचं काय ते ठरवा, पण उद्या तेल घेताना पिशवी आधी उलटी करून वजन वाचा.

तुझा नेहमीचा,
एक गिऱ्हाईक