फायरवॉलमधील भोके

मोटारीचे इंजिन विमानास जोडण्याचा खटाटोप अमेरिकेतील हौशी विमानकारांच्या परंपरेत चांगलाच मुरलेला आहे. मिनेसोटातील बर्नार्ड पिटेनपोल या गृहस्थांनी १९२९ साली फोर्डच्या मॉडेल-ए गाडीचे इंजिन आपल्या लाकडी ‘एअर कँपर’वर चढविले आणि पुढे साठच्या दशकात शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर गाडीचे, हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन त्याच विमानावर उडवून दाखविले, तेव्हापासून कॉर्व्हेअरचे उपासक कायम आहेत. अशा रूपांतराची वार्ता ऐकताना लोकांचे सारे लक्ष इंजिनाकडे असते. माझे मात्र, व्यवसायाची खोड म्हणा, इंजिन आणि वैमानिक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या पातळ पत्र्याकडे, म्हणजे फायरवॉलकडे, प्रथम जाते.

हा पत्रा किती पातळ असतो याची कल्पना सामान्य वाचकास सहसा नसते. प्रमाणित लहान विमानांसाठी अमेरिकी हवाई खात्याने जे नियम घालून दिले होते, त्यांत ०.०१५ इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटरही नव्हे, इतक्या जाडीचा स्टेनलेस पोलादाचा पत्रा वेगळ्या चाचणीवाचून ग्राह्य धरला जाई. अन्य पदार्थ वापरावयाचा, तर सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या ज्वालेसमोर त्याने १५ मिनिटे टिकाव धरला पाहिजे, अशी अट असे. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते, हे ध्यानी घेतले की विमानाचे बहुतेक अंग ज्या धातूचे, तोच येथे वर्ज्य का, याचा उलगडा होतो. घरी बांधलेल्या विमानाच्या मालकास कायद्याने पुष्कळ मुभा दिली आहे खरी. पण ती मुभा त्याने या ठिकाणी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि जाडी हा प्रश्नाचा सोपा भाग. शत्रू तट फोडून येण्यापेक्षा उघड्या राहिलेल्या दिंडीतूनच आत शिरतो, तसे ज्वालेचे आहे. आणि फायरवॉलला तर थ्रॉटलची केबल, पेट्रोलची नळी, विजेच्या तारा, कॅबिनमध्ये ऊब आणणारे तोंड अशा कितीतरी दिंड्या ठेवणे भागच असते. कॉन्टिनेंटल ओ-२०० हे विमानाचे इंजिन उतरवून कॉर्व्हेअर बसविताना कार्ब्युरेटरची जागा व केबलींची दिशा बदलत असल्यामुळे जुनी भोके बहुधा पोरकी होतात. ती बुजविण्यास पोलादाचेच ठिगळ हवे, आणि रिव्हेटही पोलादी किंवा मोनेलचे. अ‍ॅल्युमिनियमच्या रिव्हेटांनी जडविलेले उत्तम ठिगळ आगीत रिव्हेटांसह गळून पडते. नव्या भोकांचा विचार त्याहून नाजूक. ओ-२०० ला मॅग्नेटो असल्याने बॅटरी संपूर्ण निकामी झाली तरी ते इंजिन आपली ठिणगी आपणच निर्माण करते. कॉर्व्हेअरच्या प्रचलित रूपांतरात मात्र ठिणगीसाठी बॅटरीवर विसंबावे लागते आणि फायरवॉलमधून जाणारी एक साधी तार तुटली की इंजिन बंद पडते. सबब ठिणगीसाठी दोन कॉइल असतील, तर त्यांच्या तारा एकाच भोकातून नेण्याची तजवीज मी मंजूर करीत नाही, मग मालकाने नीटनेटकेपणाची कितीही सबळ कारणे दाखविली तरी.

स्टेनलेस पोलाद ड्रिलखाली घासले गेले की अधिकच कठीण होते. म्हणून वेग मंद, दाब भरपूर, तेलाचा हात सढळ आणि पत्र्यामागे लाकडाचा ठोकळा, एवढी पथ्ये पाळावीच लागतात. कडा कानशीने दोन्ही बाजूंनी साफ न केल्यास त्या पुढे इंजिनाच्या कंपनांनी तारेचे आवरण कापत राहतात. इंजिनाच्या चौकटीचे बोल्ट जेथे येतात, तेथे उष्णतारोधक गादी किंवा कसलाही मऊ थर मध्ये राहू देऊ नये. तो कालांतराने दबतो आणि बोल्ट सैल पडतात.

तारेभोवतीच्या फटीत दुकानात मिळणारे तांबडे सिलिकॉन भरून निश्चिंत होणारे महाभाग आहेत. ते इंजिनाच्या नित्याच्या उष्णतेस पुरते, ज्वालेस नव्हे. तेथे पोलादी चकती, अग्निरोधक बाही आणि आगीसाठीच बनविलेले लुकण हवे. शिवाय आग क्वचितच लागते, पण एक्झॉस्टची नळी तडकली की कार्बन मोनॉक्साइड याच फटींतून कॅबिनमध्ये शिरतो, आणि त्याला ना रंग, ना वास.

कॅबिनच्या बाजूने आवाज कमी करण्यासाठी फोम अथवा गालिचा चिकटविण्याची हौस मला सर्वांत घातक वाटते. पोलाद वितळले नाही, तरी लाल होते, आणि त्या लाल पत्र्याला टेकलेला फोम वैमानिकाच्या पायांपाशी पेट घेतो. रोधकच बसवायचे, तर सिरॅमिक तंतूंची गादी इंजिनाच्या बाजूने, वर पातळ पोलादी पत्रा घालून बसवावी. वजन थोडे वाढते, आणि ते वजन-संतुलनाच्या हिशेबात नोंदवून टाकावे.