मूत्रगळती, मौन आणि स्वतःच्याच रक्ताची सुई

प्रवासाला निघण्यापूर्वी पाणी टाळणारी, लग्नघरी आधी स्वच्छतागृह शोधणारी, खळखळून हसता हसता एकाएकी थबकणारी स्त्री बहुतेक घरांच्या परिचयाची असते. तिच्या त्रासाचे नाव मात्र घरात कोणी उच्चारीत नाही. खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना नकळत लघवी होणे याला वैद्यकात ताणजन्य मूत्रगळती म्हणतात. मूत्राशय आणि गर्भाशय यांना खालून तोलून धरणारे श्रोणितळाचे स्नायू व ऊती बाळंतपणात ताणल्या जातात, वयाबरोबर आणखी सैल होतात. मग पोटातील दाब वाढला की मूत्रमार्ग पुरेसा मिटत नाही.

या मौनाच्या दारात आता एक नवा उपचार उभा आहे: प्लेटलेट्सनी समृद्ध रक्तद्रव, अर्थात पीआरपी. डेंग्यूच्या साथींमुळे प्लेटलेट्स हा शब्द भारतात घरोघरी पोहोचला आहे. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. रुग्णाचेच रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की त्या थोड्याशा रक्तद्रवात एकवटतात. त्यांच्या कणिकांमधील वृद्धिघटक जखम भरण्यास, नव्या रक्तवाहिन्या व कोलॅजन तयार होण्यास चालना देतात. म्हणून 1998 मध्ये जबड्याच्या अस्थिरोपणात त्यांचा वापर गाजला. पुढे गुडघे, केस आणि त्वचा असा त्यांचा प्रवास झाला. आता हाच द्रव मूत्रमार्गालगतच्या ऊतींमध्ये टोचला जातो.

कल्पना तर्कसंगत आहे. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. आजवरच्या चाचण्या बहुधा काही डझन स्त्रियांपुरत्या आणि काही महिन्यांच्या आहेत. द्रव तयार करण्याची रीत, मात्रा आणि टोचण्याची जागा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. शिवाय मूत्रगळतीचे मोजमाप बरेचसे रुग्णाच्या अनुभवावर अवलंबून असते, आणि सुई टोचली गेली या जाणिवेनेही काहींना बरे वाटते. म्हणूनच एका गटाला पीआरपी आणि दुसऱ्याला केवळ मीठपाणी टोचून, कोणाला काय मिळाले हे दोन्ही बाजूंपासून लपवून केलेली तुलना आवश्यक ठरते. तशा मोठ्या आणि दीर्घ चाचण्यांची अजून प्रतीक्षा आहे.

‘स्वतःचेच रक्त, मग धोका कसला?’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर पीआरपीचे उपचार घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचा अहवाल तेथील रोगनियंत्रण केंद्राने 2024 मध्ये प्रसिद्ध केला. रक्त स्वतःचे असले तरी सुई, नळी आणि हात निर्जंतुक असावेच लागतात.

या गाजावाजात जुना उपाय विस्मरणात जातो. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये श्रोणितळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात ताणजन्य गळतीच्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या 56 टक्के, तर न करणाऱ्या केवळ 6 टक्के स्त्रियांनी बरे झाल्याचे सांगितले. प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली किमान तीन महिने व्यायाम, हीच ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांतील पहिली पायरी आहे. त्याला यंत्र लागत नाही. चिकाटी लागते आणि स्नायू नेमके कोणते आवळायचे हे शिकवणारा माणूस लागतो.

नेमका तोच माणूस आपल्याकडे दुर्मीळ आहे. आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर आधी त्रास बोलून दाखवावा लागतो. जी स्त्री वर्षानुवर्षे गप्प राहिली, तिला एका सुईत सुटका देऊ करणारी जाहिरात सहज पटते. कारण सुईपुढे फारसे बोलावे लागत नाही. पीआरपी उद्या उपयुक्त ठरेलही. तोवर तिला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या गेल्या पाहिजेत: हा उपचार अद्याप प्रायोगिक आहे, आणि सिद्ध झालेला उपाय तिच्या आवाक्यात आहे.