तांब्याच्या नाण्यांची पेटी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. १९७२ साली या गावातील एका घरात एक गृहस्थ आपल्या दोन मुलांना घेऊन खेळावयास बसला. गृहस्थाचे नाव गॅरी गायगॅक्स. मुलाचे नाव अर्नी आणि मुलीचे एलिस. पित्याने एका किल्ल्याखालच्या भुयाराचा नकाशा काढून ठेवला होता. पण तो मुलांना दिसत नव्हता. मुलांनी त्या भुयारात उतरावयाचे होते, ते केवळ मनाने. अर्नी झाला जादूगार, एलिस झाली धर्मसाधिका. वाटेत काय दिसते ते पिता सांगे, आपण काय करणार ते मुले सांगत आणि निकाल फासे देत. गोमी आणि विंचू यांच्याशी झुंजत मुले पुढे गेली, तो त्यांना एक पेटी सापडली. पेटीत तांब्याची ३,००० नाणी होती. परंतु ती इतकी जड होती की, दोघांना उचलून नेता येईना! मुले हिरमुसली. रात्रीचे नऊ वाजले तशी ती झोपावयास गेली; आणि त्यांच्यामागे पिता त्या भुयाराचा दुसरा मजला आखू लागला.

हा गृहस्थ रिकामटेकडा नव्हता. विमा कंपनीतील त्याची नोकरी १९७० मध्ये सुटली होती. घरात पाच मुले. निर्वाहासाठी तो पादत्राणे दुरुस्त करी. अशा ओढगस्तीच्या दिवसांत जे भुयार खोदले गेले, त्यातून पुढे एक नवाच खेळ जन्मास आला. मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नेसन हा १९७१ पासून आपल्या मित्रांसह अशाच धर्तीचा खेळ खेळत होता. गायगॅक्सने मुलांसाठी भुयार आखले, ते त्याचा हा खेळ पाहिल्यानंतरच. दोघांनी मिळून १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे भुयारे आणि ड्रॅगन, या नावाचा खेळ प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, असे त्याचे रूप होते. पहिल्या खेपेच्या १,००० प्रती वर्षभरात संपून गेल्या.

पटावरील युद्ध हे काही नवे नव्हे. भारतातील चतुरंग दूरदेशी जाऊन बुद्धिबळ झाले. त्याच बुद्धिबळाच्या धर्तीवर जर्मन मुलखात युद्धाचे खेळ रचले गेले आणि १८२४ पासून प्रशियाचे सेनाधिकारी त्यांवर लढाईचे धडे गिरवू लागले. १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. परंतु या सर्व खेळांत खेळणारा हा सेनापती असे. सोंगटी मेली तर सोंगटी मेली; त्याचे दुःख ते काय? लेक जिनीव्हाच्या खेळात प्रत्येक खेळाडूच्या वाट्यास सैन्य आले नाही, एकच जीव आला. त्या जिवाला नाव, गुण आणि उणिवा मिळाल्या. प्यादे गमावणे निराळे आणि ज्याला आपण नाव दिले त्याला गमावणे निराळे!

या खेळातील युद्धाचे गणित मोठे मौजेचे आहे. वीस बाजूंचा फासा टाकला म्हणजे प्रत्येक अंक येण्याचा संभव शंभरात पाच. १९७४ च्या नियमांप्रमाणे, शत्रूच्या अंगावर चिलखत नसेल तर नवख्या योद्ध्यास १० किंवा त्याहून मोठे दान पडावे लागे. म्हणजे शंभरात ५५ वार लागावयाचे. पण शत्रू पोलादी चिलखत व ढाल घेऊन उभा असेल तर १७ चे दान हवे. तेथे शंभरात २० च वार लागणार. शौर्याच्या गोष्टी सांगणाऱ्यास फासा असा हिशेब विचारतो. आर्नेसनच्या पहिल्या खेळांत एकाच घावात वीर गतप्राण होत असे. खेळाडूंना ते रुचेना. तेव्हा त्याने प्रत्येक वीरास ठरावीक प्राणबळ दिले आणि प्रत्येक घाव त्यातून वजा होऊ लागला. माघार घ्यावयास अवसर मिळाला. आणि माघार घेण्यातही शहाणपण असते, हे खेळाडूस उमगले.

सोंगट्यांच्या डावात एक जिंकतो, दुसरा हरतो. येथे तसे नाही. सारे खेळाडू एका बाजूस असतात आणि समोर असतो सूत्रधार. राक्षस तोच होतो, वाटाड्याही तोच आणि न्यायाधीशही तोच. त्याच्यापुढे बहुधा पुठ्ठ्याचा आडोसा असतो. नकाशा व त्याचे फासे त्याच्या आड. घरी खेळताना हे सूत्रधारपण बहुतेक आईकडे किंवा वडिलांकडे येते आणि खरी परीक्षा तेथे होते. आडोशाआड राक्षसाचे दान वीसचे पडते. मुलीने महिनोन्महिने वाढविलेला वीर आता मरणार, हे बापास दिसते. तिला दिसत नाही. खोटे दान सांगितले तर कोणास कळणार? आणि खरे सांगावे तर लेकीच्या डोळ्यांत पाणी! पण एकदा खोटे दान सांगितले की पुढचा प्रत्येक विजय बापाने दिलेला. लेकीने मिळविलेला नव्हे.

खेळाचा हा धडा त्याच्या जनकांनाही सोपा गेला नाही. ज्या खेळात कोणी जिंकत नाही, त्याच्या श्रेयासाठी आणि मानधनासाठी १९७९ मध्ये आर्नेसन न्यायालयात गेला. १९८१ मध्ये तडजोड झाली. गायगॅक्स २००८ मध्ये आणि आर्नेसन २००९ मध्ये निवर्तला.

खेळ मात्र राहिला. आता तर त्याचा पट संगणकाच्या पडद्यावरही मांडला जातो. २०२० साली महामारीने घरोघरीची दारे लावून घेतली, तेव्हा कित्येक मंडळी टेबलावरून पडद्यावर गेली. मुलगा शिक्षणासाठी एका शहरी, बहीण दुसऱ्या शहरी, आईबाप गावी. ठरल्या वेळी चौघेही एकाच भुयारात उतरतात. यात काही उणे होते, हे खरे. फाशांचा खुळखुळाट नाही, दान पाहताना एकमेकांवर आपटणारी डोकी नाहीत, खाऊची बशी नाही. परंतु काही हातीही लागते. संगणकाने टाकलेले दान सूत्रधाराने उघडे ठेवले, तर ते सर्वांना एकाच क्षणी दिसते. दयेच्या मोहाला जागा उरत नाही. आणि दूरदेशी एकट्या राहणाऱ्या मुलाला तेवढा वेळ तरी कोणीतरी विचारते, ‘आता तू काय करणार?’ घरातील माणसे एकमेकांना हा प्रश्न किती वेळा विचारतात?

लेक जिनीव्हाच्या त्या पित्याला पेटी हलकी करता आली असती. तांब्याच्या जागी दहा-वीस सोन्याची नाणी ठेवणे त्याच्या पेन्सिलीला जड नव्हते. मुले आनंदाने नाचत झोपावयास गेली असती. त्याने तसे केले नाही. सापडलेले सारेच उचलता येत नाही, हे त्याने मुलांना भुयारात कळू दिले. बाहेरच्या जगात ते कळावयास पुष्कळ मोल पडते. पण मुलांना हिरमुसलेली पाहून तो स्वस्थही बसला नाही. ती झोपी गेल्यावर त्याने दिव्याखाली नवा कागद ओढला आणि उद्यासाठी आणखी एक जिना काढला.