ऐकू न आलेला पक्षी

फाल्गुनातल्या एका रविवारी आमच्या पक्षिमित्रांच्या मंडळाबरोबर सिंहगडाच्या दरीत गेलो होतो. पळस-पांगारे ऐन भरात होते. पाने गळालेली, त्यामुळे पक्षी न्याहाळायला हे दिवस सोयीचे. पांगाऱ्यावर मैना, बुलबुल आणि कोतवाल यांची मधासाठी झुंबड उडाली होती.

"ऐका, शिंजीर!" आमच्या वाटाड्या मित्राने बोट उंचावले. साऱ्यांनी माना वळवल्या. मीही वळवली. मला मात्र काहीच ऐकू आले नव्हते.

उतारवयात कान उंच पट्टीतले स्वर आधी गमावतात, हे वाचून माहीत होते. वाचून माहीत असणे म्हणजे काय, हे त्या झाडाखाली कळले. पुढे तो दिसलाही. विणीच्या काळातला नर, काळाजांभळा, उन्हात धातूसारखा झळकणारा. चोच भराभर उघडत-मिटत होती; जणू मूकपट. दूरचा तांबट मात्र तांब्यावर हातोडी पडावी तसा 'टुक् टुक्' स्वच्छ ऐकू येत होता. त्याचा स्वर खालचा.

तीस वर्षे मी वर्गात कवितेतली 'किलबिल' शिकवली. त्या एका शब्दात किती निरनिराळे आवाज कोंबलेले असतात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. (विद्यार्थ्यांनाही पडला नाही, हे माझे नशीब.)

परतताना याद्या जुळवल्या. दिसलेल्या पक्ष्यापुढे 'दि', ऐकलेल्यापुढे 'ऐ' लिहिण्याची आमची रीत. शिंजिरापुढे मी दोन्ही अक्षरे लिहिली होती. शेजारच्या विद्यार्थिनीने वहीत डोकावून विचारले, "सर, त्याचा आवाज शब्दांत कसा लिहायचा?"

मी तिला तांबटाचा सांगितला.